दोनशे गोलंदाज



आपल्यातले बरेच जण 'लष्कर'मध्ये राहतात. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पत्ता सांगितला की ते हमखास विचारतात, "म्हणजे मिलिटरी एरियात का?" मग समजावून सांगावं लागतं, की तसं नाही हो, ही आपली साधी वस्ती आहे. खरं तर त्यांचं फारसं चुकत नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि तो पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, बाजार आले, महाराज बाडा आला आणि तळाचं नाव गावाला चिकटलं. शेजारचं 'कंपू' हेही तसंच, इंग्रजी 'कॅम्प'चं आपल्या लोकांनी केलेलं रूप. आज मराठीत कंपू म्हटलं की टवाळ पोरांचं टोळकं आठवतं. दोनशे वर्षांपूर्वी कंपू म्हणजे कवायत शिकलेल्या पलटणी आणि त्यांच्या बरोबरचा तोफखाना.

आज या सदरात त्या तोफखान्याबद्दल लिहायचं आहे. कारण आपल्याकडे इतिहासाचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो: शिंद्यांचा तोफखाना एवढा नावाजलेला होता, तर १८०३ मध्ये आपण हरलो कसे? आणि दोन उत्तरंही ठरलेली असतात. एक, इंग्रजांच्या तोफा आपल्याहून सरस होत्या. दोन, फितुरी झाली. पहिलं उत्तर चूक आहे आणि दुसरं अर्धवट. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.ई. करून सॉफ्टवेअरमध्ये पोट भरणारा माणूस आहे. पण एखादी यंत्रणा नीट का चालते आणि कधी कोसळते, हे रोजच बघत असल्यामुळे या प्रश्नाकडे त्या बाजूने बघावंसं वाटलं.

सुरुवात तोफेपासून करू. त्या काळची तोफ तोंडाकडून भरायची. एक बार झाला की नळीत जळते कण राहतात. त्यावर दारूची नवी थैली पडली तर ती भरणाऱ्याच्या हातातच उडेल. म्हणून आधी एक जण लांब दांड्याला बांधलेला ओला पोचारा नळीत फिरवतो. दुसरा दारूची थैली आणि गोळा तोंडात ठेवतो. ते गजाने तळापर्यंत ठासायचं. हे चाललेलं असताना तोफेच्या मागच्या बाजूला जे बारीक भोक असतं, ज्याला तोफेचा कान म्हणतात, त्यावर एक जण चामड्याची टोपी घातलेला अंगठा घट्ट दाबून उभा असतो. अंगठा उचलला तर कानातून हवा आत जाते, विझत आलेली ठिणगी फुलते आणि ठासणाऱ्याचे दोन्ही हात जातात. म्हणजे एकाच्या अंगठ्यावर दुसऱ्याचे हात अवलंबून. मग कानातून थैली टोचायची, रंजक भरायची, नेम धरायचा आणि बत्ती द्यायची.

आणि नेम तरी किती टिकणार? बार होताच गाडा धक्क्याने मागे सरकतो. मग सगळ्यांनी मिळून तो पुन्हा पुढे ढकलायचा, शेपटी उचलून दिशा जुळवायची, पेच फिरवून तोंड वरखाली करायचं. प्रत्येक बाराला नव्याने. गोळा नळीत सहज जावा म्हणून नळीपेक्षा किंचित लहान असतो. त्यामुळे तो आत थोडा आपटत बाहेर येतो आणि एकाच तोफेचे दोन गोळे तंतोतंत एका जागी पडत नाहीत. मुरलेले गोलंदाज मिनिटाला दोन बार काढायचे, आणि तेही समोरून गोळे येत असताना. अशा वेळी विचार करायला सवड नसते. हाताला सवय असावी लागते आणि ती फक्त सरावाने येते.

हे मी मनाने म्हणतोय असं वाटेल. पण सराव आणि नेम यांचा संबंध खरोखर मोजून बघितला गेला आहे. तो मोजला आरमारांनी. जहाजावरच्या तोफेचं काम जमिनीवरच्यापेक्षा अवघड, कारण तिथे पायाखालची जमीनच डोलत असते. डेक वर आला की गोळा निशाण्यावरून उडून जातो, खाली गेला की पाण्यात बुडतो. बार कोणत्या क्षणी काढायचा, हे सगळं गोलंदाजाच्या अंदाजावर.

१ जून १८१३ ला अमेरिकेतल्या बोस्टनसमोर 'शॅनन' हे इंग्रजी आणि 'चेसापीक' हे अमेरिकन अशी दोन जहाजं समोरासमोर आली. दोन्हींची ताकद जवळपास सारखी. फरक इतकाच, की शॅननचा कप्तान फिलिप ब्रोक सात वर्षं त्याच जहाजावर होता आणि सतत तोफांचा सराव घेत आला होता. नेम धरण्यासाठी त्याने तोफांवर स्वतःच्या खर्चाने निशाण्या बसवून घेतल्या होत्या, डेकवर कोनाच्या खुणा कोरल्या होत्या. चेसापीकच्या कप्तानाला जहाज ताब्यात घेऊन काही दिवसच झाले होते. कप्तान आणि खलाशी यांना एकत्र सराव असा मिळालाच नव्हता. लढाई पंधरा मिनिटांच्या आत संपली आणि चेसापीक पकडलं गेलं.

पुढे पोलादी जहाजं आली, लांब पल्ल्याच्या तोफा आल्या, तरी गोष्ट तीच. ३ जुलै १८९८ ला क्यूबातल्या सांतियागोजवळ अमेरिकेने स्पेनचा ताफा बुडवला. मोठा विजय म्हणून गाजला. नंतर हिशेब केला, तर सुमारे साडेनऊ हजार गोळे झाडले होते आणि लागले होते सव्वाशेच्या आसपास. म्हणजे शंभरातला जेमतेम एक! पुढच्याच वर्षी इंग्रजी आरमारातल्या पर्सी स्कॉट नावाच्या कप्तानाने आपल्या 'सिला' जहाजावरच्या गोलंदाजांकडून नेमबाजीच्या परीक्षेत शंभरात ८० गोळे मारून दाखवले. तोफा इतर जहाजांवर होत्या तशाच. त्याने फक्त बंदरात उभ्या जहाजावरही डुलत्या निशाण्याचा सराव करता येईल असं एक साधं यंत्र केलं आणि गोलंदाजांना रोज त्यावर बसवलं.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात, ११ नोव्हेंबर १९४२ ला, हिंदी महासागरात रॉयल इंडियन नेव्हीची 'बंगाल' ही सुरुंग काढणारी छोटी बोट 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत चालली होती. या नेव्हीत कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या खलाशांची जुनी परंपरा होती. वाटेत दोन जपानी जहाजं आडवी आली, प्रत्येक दहा हजार टनांहून मोठं आणि बऱ्याच तोफांनी सजलेलं. 'बंगाल'च्या डेकवर तीन इंची तोफ एक, 'ओंडिना'वर चार इंची एक, आणि गोळे मोजकेच. पळून जाणंही शक्य नव्हतं. 'बंगाल' सरळ शत्रूकडे वळली. त्या मोजक्या गोळ्यांतला एक 'होकोकू मारू' या जपानी जहाजाला असा लागला की आग भडकली, स्फोट झाला आणि ते बुडालं. तो गोळा नक्की कोणाचा, यावर दोन्ही बोटींचा दावा आहे. पण त्या दिवशी दोन लहान तोफांनी काम केलं, हे कोणी नाकारत नाही. 'ओंडिना'चा कप्तान त्यात मारला गेला. दोन्ही बोटी मात्र बंदराला लागल्या.

आता हा चष्मा लावून आपल्या शिंद्यांकडे येऊ.

महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉइन्य नावाच्या माणसाला नोकरीत घेतलं. आल्प्सच्या पायथ्याच्या सॅव्हॉयचा हा माणूस फ्रान्सच्या आणि रशियाच्या फौजेत राहून आलेला. सुरुवात फक्त दोन पलटणींनी झाली. तोफा ओतण्याचं काम सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाकडे आलं. हा सँगस्टर आधी आपल्या इथल्याच गोहदच्या राण्याच्या नोकरीत होता, म्हणजे महादजींच्या विरुद्ध बाजूला. महादजींनी त्याचं जुनं घर बघितलं नाही, हात बघितला. आग्ऱ्याला ओतशाळा निघाली, मथुरा आणि उज्जैनलाही तोफा बनू लागल्या.

पण माझ्या मते द बॉइन्यची खरी कमाल ओतशाळेत नाही, पगारपत्रकात आहे. त्या काळी हिंदुस्थानातल्या बहुतेक फौजांचे पगार महिनोन्‌महिने थकायचे. शिपाई अर्धा वेळ धरणं देऊन बसायचे. अशा माणसांकडून रोज सकाळी कवायत कोण करून घेणार? द बॉइन्यने अट घातली, की पलटणींचा पगार वेळेवर व्हायला हवा. महादजींनी त्यासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख तोडून दिला. अलीगढजवळ मुख्य छावणी झाली. जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पगार चालू आणि वर बक्षीस, कायमचं अपंगत्व आलं तर निवृत्तिवेतन, अशी सोय झाली. मग माणसं टिकली. माणसं टिकली म्हणून सराव मुरला. १७९० मध्ये जून महिन्यात पाटणला आणि सप्टेंबरात मेडत्याला त्याचा परिणाम दिसला. मेडत्याला राठोडांचं घोडदळ जिवावर उदार होऊन पुन्हा पुन्हा धावून आलं. त्यांच्या शौर्यात काही कमी नव्हतं. समोर मात्र न डगमगता छर्रे भरणारे आणि बत्ती देणारे हात होते.

महादजी १७९४ मध्ये गेले. द बॉइन्य दीड-दोन वर्षांत मायदेशी निघाला. त्याच्या जागी पेराँ आला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा ही फौज आकाराने पहिल्यापेक्षा मोठी होती. आणि इंग्रजांनी पहिला वार केला तो तोफांवर नाही, माणसांवर. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीरनामा काढला: शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज आणि इतर युरोपीय अधिकाऱ्यांनी नोकरी सोडून यावं, त्यांची सोय केली जाईल. बरेच जण गेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला खुद्द पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि त्याच दिवसांत अलीगढचा किल्लाही पडला. ज्यांनी शिकवलं ते गेले आणि ज्या मुलखातून पगार व्हायचा तोही गेला.

गोलंदाज मात्र तिथेच राहिले.

२३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातलं असई गाव, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधली जागा. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणार होता. त्याच्याजवळ रणांगणावर सुमारे साडेचार हजार माणसं. शिंद्यांच्या बाजूला पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पलटणी आणि शंभरच्या आसपास तोफा. वेलस्ली केळणा उतरून बगलेवर आला. त्याचा अंदाज असा, की एवढी मोठी रांग वळवायला वेळ लागेल. पण पलटणी आणि तोफा भराभर वळून त्याच्या समोर उभ्या राहिल्या. पहिल्याच माऱ्यात इंग्रजांच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज इतके पडले की त्या तोफा पुढे नेणं अशक्य झालं. असई गावाच्या बाजूला चुकून सरकलेली ७४ वी स्कॉटिश पलटण तर जवळपास संपलीच. पाचशेतले चारशेच्या आसपास मेले किंवा जखमी झाले.

इंग्रजांची रांग संगिनी रोखून तोफांपर्यंत पोचली, तरी गोलंदाज जागेवरच होते. रांग पुढे गेल्यावर, मेले समजून मागे टाकलेल्यांपैकी काही जण उठले, तोफा फिरवल्या आणि मागून मारा सुरू केला. वेलस्लीला परत फिरून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. शेवटी तो जिंकला. ९८ तोफा त्याच्या हाती आल्या. पण १,५८४ माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली, म्हणजे लढणाऱ्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी विचारल्यावर त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं.

पुढे १ नोव्हेंबरला अलवरजवळ लासवारी. इथे युरोपीय अधिकारी जवळजवळ कोणी उरलेच नव्हते. समोर जनरल लेक. दुसऱ्या दिवशी त्याने गव्हर्नर जनरलला जे पत्र लिहिलं, ते मला या सगळ्या विषयाचं सार वाटतं. तो कळवतो, की असल्या प्रसंगात मी आजवर सापडलो नव्हतो आणि देव करो पुन्हा सापडू नये. यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही. गोलंदाज संगिनीने मारले जाईपर्यंत तोफांपासून हलले नाहीत. आणि एक खास गोष्ट तो नोंदवतो: आमच्या एका तोफेमागे जितकी माणसं असतात, त्याच्या तिप्पट यांच्याकडे आहेत. बैलही आमच्यापेक्षा कितीतरी चांगले.

तिप्पट माणसं! मला या आकड्यापाशी थांबावंसं वाटलं. आमच्या धंद्यात रात्री-बेरात्री सर्व्हर बंद पडला तर बघणारी एक टीम असते. कामाला दोघं पुरतात, पण पाळीला पाच-सहा जण ठेवतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी मुद्दाम काहीतरी बंद पाडून सगळ्यांची तालीम घेतात. वरून बघणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. एक जण आजारी पडला, एकाने नोकरी सोडली, तरी काम अडत नाही, तेव्हा तिचा अर्थ कळतो. तोफेमागची तिप्पट माणसं मला तशीच वाटतात. अंगठा दाबणारा पडला तर दुसरा पुढे यायला हवा, आणि त्याला ते काम आधीपासून येत असायला हवं.

मग हरलो कसे? माझं उत्तर असं. एका तोफेभोवतीची माणसं शेवटपर्यंत पक्की होती. त्या पातळीवर यंत्रणा कोसळलीच नाही. कोसळली ती वरची. तोफा कुठे मांडायच्या, केव्हा हलवायच्या, पायदळ मागे सरलं तर तोफा कशा काढायच्या, घोडदळाने कधी धावून यायचं, हे ठरवणारी माणसं निघून गेली होती किंवा एकमेकांशी बोलत नव्हती. असईला भोसल्यांचं घोडदळ शेजारी उभं राहूनही लढाईत उतरलं नाही. होळकर तर त्या वेळी युद्धापासूनच दूर राहिले. लासवारीला तोफा साखळ्यांनी एकमेकींना बांधलेल्या होत्या. शत्रू समोरून येईपर्यंत त्या भयंकर आणि बगलेवर आला की अडकलेल्या. म्हणून फितुरी हे उत्तर अर्धवट म्हणतो. वरचे गेले हे खरं, पण आपण तेवढंच सांगत बसतो आणि खालचे थांबले हे सांगायचं राहून जातं.

चाळीस वर्षांनी हीच गोष्ट आपल्या दारात घडली. १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे वारले. गादीवर दत्तक आलेले जयाजीराव लहान, ताराबाई राणीसाहेबही कोवळ्या वयाच्या. दरबारात मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांची ओढाताण. हे निमित्त करून गव्हर्नर जनरल एलेनबरो फौज घेऊन चंबळ उतरला. आपल्याशी फार कोणी लढेल असं त्यांना वाटत नव्हतं. इतकं, की सेनापती गफची बायको आणि मुलगी यांच्यासह काही स्त्रिया हत्तींवर बसून बरोबर होत्या. २९ डिसेंबरला सकाळी मुरैनाच्या बाजूला महाराजपूर गावापाशी, जिथे त्यांना कोणी अपेक्षित नव्हतं तिथून, तोफा धडाडल्या. ग्वाल्हेरची फौज रातोरात पुढे येऊन बसली होती. त्या स्त्रियांचे हत्तीही माऱ्यात सापडले.

त्या दिवशी इंग्रजांची १०६ माणसं मेली, ६८४ जखमी झाली, ७ बेपत्ता. ५६ तोफा त्यांनी घेतल्या आणि या वेळीही गोलंदाज तोफांपाशीच मेले. समोरच्यांच्या शौर्याचा अंदाज आपल्याला आला नव्हता, असं गफने लढाईनंतर स्वतः कबूल केलं. त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या बाजूला, शिवपुरीच्या रस्त्यावर पनिहारला दुसरी लढाई झाली. तिथेही हार.

आणि आता तो कागद, ज्यावरून या लेखाला नाव दिलं. १३ जानेवारी १८४४ ला तह झाला. ग्वाल्हेरची फौज ९,००० वर जाऊ नये. त्यात पायदळ ३,००० पर्यंत. रणांगणावर न्यायच्या तोफा १२, इतर तोफा २०. आणि गोलंदाज २००. बघा, तोफांचे आकडे घालून इंग्रज थांबले नाहीत. चाळीस वर्षांत दोनदा पोळल्यावर त्यांना नेमकं कळलं होतं, की तोफ पुन्हा ओतता येते, गोलंदाज ओतता येत नाही. म्हणून त्यांनी माणसंही मोजून घेतली.

माणसांमधलं कसब मात्र तहाने संपत नाही. तहानंतर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली 'ग्वाल्हेर कंटिंजंट' ही फौज वाढवली गेली, तिचा स्वतःचा तोफखाना होता. खर्च आपल्या दरबाराचा, हुकूम त्यांचा. जून १८५७ मध्ये मुरारला तीच फौज उठली आणि नोव्हेंबरात तात्या टोपे तिला घेऊन कानपूरवर गेले. जनरल विंडहॅमला त्यांनी मागे रेटून शहर घेतलं. नंतर तेही हातचं गेलं, हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. पण शिकवलेला हात कोणाच्या मालकीचा राहत नाही, हे इंग्रजांनाही तेव्हा कळलं असेल.

महाराजपूर आणि पनिहारला घेतलेल्या तोफांचं पुढे काय झालं? त्या वितळवल्या. त्या धातूची सहा टोकांची चांदणी करून लढलेल्या इंग्रजी फौजेला पदक म्हणून वाटली. तिला 'ग्वाल्हेर स्टार' म्हणतात. कोलकात्यात हुगळीच्या काठी १८४७ चं 'ग्वाल्हेर मॉन्युमेंट' आहे. त्याच्या वरच्या भागालाही याच तोफांचा धातू वापरला आहे. तिथे नावं आहेत ती त्यांच्या मेलेल्यांची. तसं करणं त्यांचं काम होतं, त्यांनी केलं.

आपल्याकडे काय आहे? सरदारांची नावं आहेत. त्यांच्या नावाचे वाडे आहेत, गल्ल्या आहेत, लग्नाच्या पत्रिकेत आपण ती अभिमानाने लिहितो. लिहावीतच. पण अंगठा दाबून उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव कुठेच नाही. आणि खरं सांगायचं तर ती माणसं बहुतेक मराठी नव्हतीच. अवध, दुआब, रोहिलखंड इकडचे पुरबिये आणि मुसलमान गोलंदाज त्यात मोठ्या संख्येने होते. शिंद्यांचं मीठ खाल्लं म्हणून असईला, म्हणजे घरापासून शेकडो कोसांवर, ते उभे राहिले. आपण ज्या शहराला आपलं म्हणतो ते त्यांच्याही जिवावर उभं आहे. त्यांना वगळून सांगितलेला शिंदेशाहीचा इतिहास अपुरा राहतो.

मंडळात आमच्या वयाच्या लोकांवर एक तक्रार नेहमी असते, की शिकलेली मुलं पुण्याला, बंगळूरला निघून जातात आणि इथे कोणी उरत नाही. जाणाऱ्यांना मी दोष देणार नाही, माझेच अर्धे मित्र तिकडे आहेत. पण गणपतीच्या मांडवाचं वायरिंग कोणी बघायचं, पालखीचा मार्ग पोलिसांना कोणी समजावायचा, दीडशे पानांची पंगत कशी उठवायची, हे एकाच काकांना येत असेल आणि त्यांच्या हाताखाली कोणी नसेल, तर ती एका माणसाची तोफ झाली. प्रत्येक कामामागे तीन माणसं हवीत, आणि काका असतानाच ती शिकायला हवीत. द बॉइन्यने हेच केलं होतं, फक्त त्याच्याकडे दारू निराळी होती.

एक सूचना करून थांबतो. आपली वार्षिक सहल दरवर्षी थंडीतच निघते. यंदा ती २९ डिसेंबरच्या आसपास ठेवून पनिहारला जावं, असं मी कार्यकारिणीला सुचवतो. शहरापासून जवळ आहे, ज्येष्ठांनाही झेपेल, मुलांना पळायला भरपूर मोकळी जागा मिळेल. डबे घरूनच नेऊ. जेवणाआधी दहा मिनिटं मुलांना एकत्र बसवून तोफ भरायला किती माणसं लागतात, ते त्यांच्याकडूनच करून घेऊ. एकाने पोचारा फिरवायचा, एकाने ठासायचं, एकाने कानावर अंगठा ठेवायचा. अंगठा कोणी ठेवायचा यावर मुलं भांडतील. भांडू द्या, आणि मग प्रत्येकाला एकदा तिथे उभं करा.